दाजी गिअरबॉक्स उतरवतात

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये माणसाला लागणारं सगळं आहे. खणून केलेली तळी आहेत, तळ्यांच्या काठाने चालायला फरसबंद वाटा आहेत, साडेतीनशे मीटरहून उंच अल्मास टॉवर आहे, शेख झायेद रोडला खेटून धावणारी मेट्रो आहे आणि अपरात्रीही कडक चहा पाजणाऱ्या कॅफेटेरिया आहेत. डीएमसीसी या २००२ साली स्थापन झालेल्या संस्थेने हा मुक्त व्यापार विभाग वसवताना सोनं, हिरे, चहा, कॉफी अशा नाना मालांच्या व्यवहाराची सोय करून ठेवली. गाडीखाली उताणं झोपायची सोय तेवढी राहून गेली.

ही उणीव इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती दाजींच्या लक्षात आली.

दाजी हे त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ कोल्हापूरला असतो, शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे आणि तो त्यांना दाजी म्हणतो. या लेखात त्याचाच अधिकार मोठा असल्यामुळे त्याने दिलेलं संबोधन इथे वापरलं आहे. दाजी स्वतः एका जहाज कंपनीच्या हिशेब खात्यात आहेत. यंत्राशी त्यांचा संबंध छपाईयंत्रात अडकलेला कागद ओढण्यापुरता. पण त्यांच्याकडे दुबईचं मॅन्युअल लायसन आहे. भारतीय लायसन इथे नुसतं बदलून मिळत नाही, पुण्याच्या लक्ष्मी रोडवर पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही सहसा शिकाऊ म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बहुतेक लोक अशा वेळी सोपं ऑटोमॅटिकचं लायसन घेतात. दाजींनी हट्टाने मॅन्युअलचं घेतलं आणि मग ऑटोमॅटिक गाडी विकत घेतली. तेव्हापासून गिअर या विषयावर आपलं मत विचारलं जात नाही, अशी त्यांना खंत होती.

गाडी जपानी, फोर-व्हील ड्राइव्ह, जुनी. एका उन्हाळ्यात ती दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना हिसका देऊ लागली. पुढे पुढे तर इंजिन ओरडायचं आणि गाडी विचार करत राहायची. अल कूझमधल्या एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून निकाल दिला, "गिअरबॉक्स उतारना पड़ेगा, साहब." सोबत मजुरीचा आकडाही सांगितला. आखातात कितीही वर्षं काढली तरी मराठी माणूस दिरहमाचे रुपये करायचं सोडत नाही. दाजींनी त्या आकड्याला तिथल्या तिथे तेवीसने गुणलं आणि त्यांना शेजारच्या खुर्चीत बसावं लागलं.

"नुसतं उतरवायचे एवढे?" घरी येऊन ते म्हणाले. "दुरुस्तीचे वेगळे. उतरवायला काय लागतं? नट काढायचे, बोल्ट काढायचे."

"अहो, बाथरूमचा शॉवर गळतोय मार्चपासून," वहिनी म्हणाल्या.

"शॉवरचं वेगळं असतं."

मग व्हिडिओ सुरू झाले. या व्हिडिओंतली माणसं सहसा अमेरिकेतली असतात. त्यांच्या मागे दिसणाऱ्या गॅरेजात दाजींचा टू बेडरूम फ्लॅट बाल्कनीसकट मावला असता. भिंतीवर पान्हे उतरत्या क्रमाने लावलेले असतात, गाडी हायड्रॉलिक लिफ्टवर डोक्याच्या उंचीला टांगलेली असते, आणि माणूस उभ्याउभ्या, कॉफी पीत, पंधरा-वीस मिनिटांत गिअरबॉक्स खाली घेतो. मधे 'थोड्या वेळानंतर' अशी एक पाटी येऊन जाते. त्या पाटीमागे माणसाचा अख्खा दिवस, दोन बोटांची सालटी आणि शेजाऱ्याशी असलेले संबंध गेलेले असतात, हे व्हिडिओत दाखवत नाहीत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही मुळात एका माणसाने उचलायची वस्तूच नाही. जनरल मोटर्सने १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रा-मॅटिक आणला आणि क्लचचं पेडल गायब केलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम५ रणगाड्यात दोन इंजिनांना जोडून हाच हायड्रा-मॅटिक बसवला गेला, एक नव्हे, दोन. रणगाड्याला चालला, यावरूनच त्याची प्रकृती कळावी. आजचे बॉक्स ॲल्युमिनियमचे असले तरी मोठ्या गाडीचा बॉक्स साधारण ८० ते १०० किलो भरतो. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर त्याच्या पाठीला ट्रान्सफर केस लटकलेली असते, तिचं वजन वेगळं. शिवाय हे सगळं वजन गोलमटोल, तेलकट आणि एकाच टोकाला जड. धरायला कुठे कान नाही की दांडा नाही.

हा तपशील दाजींना सांगितला गेला होता. ते म्हणाले, "जॅक आहे ना."

जॅक नव्हता. म्हणून सगळे ड्रॅगन मार्टला गेले. हत्ता रोडला पसरलेल्या त्या लांबलचक चिनी बाजारात माणूस एक स्क्रू घ्यायला शिरतो आणि झुंबर घेऊन बाहेर पडतो. दाजींनी ट्रॉली जॅक घेतला, खास गिअरबॉक्स उतरवायचा ट्रान्समिशन जॅक घेतला, चार स्टँड, सॉकेटचा संच, एकात एक अडकवायचे लांब एक्स्टेन्शन रॉड, गाडीखाली सरकत जायची चाकांची फळी आणि कपाळाला बांधायचा दिवा, एवढी खरेदी केली. मजुरीचे पैसे वाचवण्यासाठी मजुरीइतके पैसे केव्हाच खर्च झाले होते. "हत्यारं राहतात रे, मजुरी जाते," दाजी म्हणाले. प्रत्येक मराठी घराच्या माळ्यावरचा बराचसा ऐवज याच एका विचारामुळे तिथे पोचलेला असतो.

मुहूर्त शनिवारचा धरला. स्थळ टॉवरचं दुसरं तळघर, दाजींच्या हक्काची पार्किंगची जागा. एका बाजूला काँक्रीटचा खांब, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी पांढरीशुभ्र जर्मन गाडी, आणि समोर भिंतीवर पाटी: इथे वाहनांची दुरुस्ती करू नये.

"ही दुरुस्ती नाही," दाजींनी नेपाळी गार्डला समजावलं. "दुरुस्ती शारजात होणार. इथे आपण फक्त काढतोय."

गार्ड विचारात पडला. पाटीवर काढण्याविषयी काही लिहिलेलं नव्हतं.

प्रस्तुत लेखकाची नेमणूक बॅटरी धरण्यावर झाली होती. कपाळाचा दिवा गाडीखाली पहिल्याच आपटीत फुटला, त्यामुळे हे पद निर्माण झालं. लहानपणी वडिलांना बॅटरी धरून दिलेल्या कोणत्याही माणसाला या नोकरीची कल्पना असेल. उजेड कुठेही पाडला तरी तो चुकीच्याच ठिकाणी पडतो. "अरे, मी बघतोय तिथे धर. तू बघतोयस तिथे नको," असा आवाज गाडीखालून येत राहतो आणि खाली झोपलेला माणूस नेमका कुठे बघतोय हे वर उकिडवं बसलेल्या माणसाला कधीच कळत नाही.

मार्गदर्शन कोल्हापूरहून होणार होतं. आता अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत, म्हणून मेहुण्याच्या फोनवर बोटिम घालून घेतलं होतं. तळघरात बोटिम काय, कसलंच नेटवर्क नव्हतं. तेव्हा वहिनी फोन घेऊन रॅम्पच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, दुबईत जन्मलेला मुलगा रॅम्पच्या मध्यावर, आणि दाजी गाडीखाली. मेहुणा बोलायचा ते वहिनी ओरडून मुलाला सांगायच्या आणि मुलगा बापाला.

मेहुण्याचा पहिला निरोप कळकळीचा होता. "दाजी, नुसत्या जॅकवर इस्वास ठिवायचा न्हाई. घोड्या लावा आधी." गॅरेजात स्टँडला घोडी म्हणतात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी न लावता शिरणं म्हणजे जिवाशी खेळ, हे त्याचं म्हणणं कुठल्याही मेकॅनिकने सही करून द्यावं इतकं खरं आहे. पण निरोप दोन टप्प्यांतून खाली पोचला तेव्हा मुलगा म्हणाला, "पप्पा, मामा म्हणतोय आधी घोडे आणा."

"कशाला?"

"ते नाही सांगितलं."

घोड्यांचा उलगडा होऊन पुढचा भाग स्टँडवर आला. दुसरा निरोप होता की मागच्या चाकांना दगड लावा. हा निरोप बरोबर पोचला, पण जुमेरा लेक टॉवर्समध्ये दगड नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला दगड ही शोधायची वस्तू आहे हेच मुळी पटत नाही. आसपासचा सगळा परिसर पालथा घातला. फरशा होत्या, काच होती, हिरवळ होती, झाडांच्या बुंध्याशी मुठीएवढे पॉलिश केलेले शोभेचे गोटे होते, त्यांचे फोटो मेहुण्याला पाठवले तर त्याने हसण्याची चित्रं पाठवली. शेवटी वहिनींचा दगडी खल खाली आला. जोतिबाच्या यात्रेत घेतलेला, विमानाने पाच किलो जादा वजन भरून आणलेला. तो मागच्या चाकाखाली बसला आणि त्यानंतर बरेच दिवस त्या घरच्या लसणाच्या चटणीला टायरचा वास होता.

मग तेल काढलं, गिअरच्या दांड्याची जोडणी सोडवली, वायरचे कनेक्टर सुटे केले, आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट उतरवायला घेतला. शेवटचा बोल्ट निघत असतानाच रॅम्पवरून आरोळी आली, "पप्पा! मामा विचारतोय हँडब्रेक ओढलाय का?"

दुबईत हँडब्रेक कुणी ओढत नाही. गाडी 'पी'वर टाकायची, किल्ली काढायची, निघायचं. पण हा पी असतो गिअरबॉक्सच्या आत. एक लहानसं खुंटीवजा लोखंड दातऱ्यात अडकतं आणि त्याच्या जोरावर दोन टनांची गाडी उभी असते. शाफ्ट सुटला की चाकांचा आणि त्या खुंटीचा संबंध संपतो, मग दांडा पीवर असला काय आणि चंद्रावर असला काय! एवढा सिद्धान्त दाजींना कोणी समजावून सांगितला नव्हता. पण मेहुण्याच्या आवाजात काहीतरी असं होतं की ते त्या चाकांच्या फळीवरून ज्या वेगाने बाहेर आले, तो वेग त्यांच्या गाडीला अलीकडे जमत नव्हता. हँडब्रेक ओढला गेला. गाडी घेतल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. खलबत्त्यातल्या खलाने तोवर दोन टनांची गाडी एकट्याने धरून ठेवली होती.

पुढचा भाग इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या टॉर्क कन्व्हर्टरचा. त्याचे बोल्ट एका छोट्या खिडकीतून एकेक करून दिसतात. एक काढला की पुढून क्रँकची पुली पान्ह्याने फिरवायची, म्हणजे दुसरा खिडकीत येतो. पुली फिरवायचं काम, बॅटरी मुलाकडे सोपवून, लेखकाला मिळालं. ही बढतीच होती.

"फिरव. अजून. अजून. थांब! गेला पुढे."

"मागे घेऊ?"

"मागे नको म्हणतोय तो. पूर्ण फेरी मार."

गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट ही तर निव्वळ सूडबुद्धी आहे. कारखान्यात इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच एकमेकांना जोडतात आणि मग ती जोडी गाडीत बसवतात. त्यामुळे ते बोल्ट लावणाऱ्याला मोकळी हवा, भरपूर उजेड आणि पगार असतो. काढणाऱ्याला यांपैकी काही नसतं. बोल्ट दिसत नाही, हाताला लागत नाही, फक्त असतो. जवळजवळ मीटरभर लांबीचं एक्स्टेन्शन जोडून, मधे वाकणारा सांधा घालून, शेपटाकडून हात घालायचा आणि अंदाजाने सॉकेट बसवायचं. दाजी डोळे मिटून हे करत होते. विचारलं तर म्हणाले, "उघडून तरी काय दिसतंय?"

तेवढ्यात ते तेल आलं.

गैरसमज असा असतो की खालचा बोल्ट काढून तेल सोडलं की बॉक्स रिकामा झाला. तसं नसतं. निम्म्याच्या आसपास तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरकडे जाणाऱ्या नळ्यांत दबा धरून बसलेलं असतं. नळ्या सुटल्या, बॉक्स जरासा मागे झुकला, की ते बाहेर पडतं. शिवाय या तेलाला मुद्दाम लाल रंग दिलेला असतो, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखता यावं म्हणून. शेजारच्या पांढऱ्या गाडीची मालकीण, एक फिलिपिनो बाई, नेमकी त्याच वेळी लिफ्टमधून बाहेर आली. तिला दिसलं ते असं: गाडीखालून बाहेर आलेले दोन निश्चल पाय, पायांकडून तिच्या गाडीकडे संथ वाहत येणारा लालभडक ओघळ, आणि पान्हा हातात घेऊन उभा असलेला एक घामेजलेला इसम. हा इसम म्हणजे प्रस्तुत लेखक.

"सर?" ती खाली वाकून पायांना म्हणाली. "आर यू अलाइव्ह?"

"येस, येस," पाय म्हणाले. "वन मिनिट."

पण तोवर तिने ९९८ लावायला घेतलं होतं. नेटवर्क नसल्यामुळे रुग्णवाहिका आली नाही. गार्ड आला. मग सगळ्यांनी मिळून, जुने टॉवेल, भुसा नव्हता म्हणून मांजराच्या टॉयलेटची वाळू, आणि चकलीच्या डब्याला गुंडाळून आलेला 'पुढारी' वापरून जमीन स्वच्छ केली. मांजराची वाळू त्या बाईनेच आणून दिली. तेल शोषायला त्या वाळूसारखी दुसरी वस्तू नाही, हे ज्ञान या सगळ्या खटाटोपातून लेखकाला लाभलं, आणि ते फुकट मिळालं.

गिअरबॉक्स अखेर उतरला. तो कसा उतरला हे दाजी पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगत आले असल्याने इथे लांबवत नाही. ट्रान्समिशन जॅकवर साखळीने बांधलेला, हळूहळू खाली येत, कन्व्हर्टर पोटाशी धरून तो बाहेर सरकला तेव्हा गार्डने टाळ्या वाजवल्या. मग त्याला आपली नोकरी आठवली.

"सर, ये यहाँ नहीं रख सकते. यहाँ सिर्फ गाड़ी."

"हीच तर गाडी आहे."

"ये गाड़ी का पार्ट है, सर."

यावर उत्तर नव्हतं. शारजाच्या औद्योगिक भागातलं दुकान दुसऱ्या दिवशी उघडणार होतं, तेव्हा रात्रीपुरता बॉक्स वर न्यायचा ठरला. वर न्यायचा तर सामानाची लिफ्ट हवी, सामानाची लिफ्ट हवी तर व्यवस्थापनाचा परवाना हवा. इथे घर बदलतानाही सोफा हलवायला परवाना लागतो. फॉर्मवर दोनच रकाने होते, फर्निचर आणि घरगुती उपकरणं. दाजींनी थोडा विचार करून उपकरणं या रकान्यावर खूण केली. 'उपकरणाचा प्रकार' यासमोर त्यांनी 'ऑटोमॅटिक' असं लिहिलं. कुणी काही विचारलं नाही.

बॉक्स ती रात्र बाल्कनीत, तुळशीच्या शेजारी होता. वहिनींनी सकाळी तुळशीला पाणी घातलं आणि त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शारजाला तो लेखकाच्या लहान गाडीतून गेला. मागची चाकं बसली होती आणि पुढचे दिवे आकाशाकडे रोखले होते. सालिकच्या कमानींनी मात्र वजन न पाहता नेहमीचा टोल कापून घेतला. इत्तिहाद रोडची कोंडी पार करून एका पठाण उस्तादासमोर बॉक्स ठेवला. त्याने दाढीवर हात फिरवला, खालची तेलाची परात उघडली, आत बोट घालून तेलाचा वास घेतला, मग व्हॉल्व्ह बॉडीवरचा अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड काढून दाखवला. "ये गया है, बस. प्लेटें ठीक हैं."

"इसके लिए पूरा उतारना पड़ता है?" दाजींनी विचारलं.

"नहीं साहब. ये तो गाड़ी में लगे-लगे हो जाता है. नीचे से पैन खोलो, निकालो, लगाओ."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मागे कुठेतरी कुणी पत्रा ठोकत होतं. मग उस्तादाने बॉक्सभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "लेकिन उतारा अच्छा है. एक कनेक्टर नहीं टूटा."

त्या दिवसाचं एवढं एकच वाक्य दाजींच्या लक्षात राहिलं. परतताना कोंडीत उभं असताना त्यांनी ते मेहुण्याला बोटिमवर सांगितलं, घरी वहिनींना सांगितलं, सोमवारी ऑफिसात सांगितलं. सोलेनॉइडचा विषय त्या निवेदनात येत नाही.

बॉक्स पुन्हा चढवताना कन्व्हर्टर पूर्ण आत बसवावा लागतो, नाहीतर बोल्ट आवळताना तेलाचा पंपच फुटतो. "बसताना टक् टक् टक् ऐकू आलं पायजे," असं मेहुण्याने सांगितलं होतं, आणि ते टक् टक् ऐकायला तळघरात गार्ड, मांजरवाली बाई, मुलगा आणि रॅम्पवर फोन उंच धरलेल्या वहिनी असे सगळे श्वास रोखून उभे होते. ते ऐकू आलं. गाडी आता दुसऱ्यातून तिसऱ्यात लोण्यासारखी जाते. शॉवर अजून गळतो.

दाजींच्या हिशेबाच्या तक्त्यात या कामात बचत झाली असं दिसतं. कारण हत्यारं त्यांनी 'गुंतवणूक' या सदरात टाकली आहेत, आणि हिशेब खात्यातला माणूस असल्यामुळे ते सदर कुठे मिटवायचं हे त्यांना चांगलं कळतं. मात्र त्या गुंतवणुकीतला ट्रान्समिशन जॅक सध्या मोलकरणीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली उभा आहे आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला लागतो. जुमेरा लेक टॉवर्स किंवा आसपासच्या मरिनात कुणा मराठी माणसाला हवा असेल, तर त्याने शनिवारी सकाळी येऊन घेऊन जावा. भाडं नाही. परत आणून दिला नाही तरी चालेल, असं वहिनींनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.